सौर प्रकाश-सापळ्याची बॅटरी : चार्जर चिपची निवड कशी करावी

ऊस, भुईमूग, सोयाबीन आदी पिकांचे हुमणीमुळे होणारे नुकसान शेतकरी बांधवांच्या परिचयाचे आहे. जमिनीत राहून मुळे कुरतडणारी अळी एकदा मोठी झाली, की तिचे नियंत्रण अतिशय कठीण जाते. म्हणून अळीपेक्षा भुंगेऱ्यावर लक्ष ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. वळवाचा चांगला पाऊस पडून जमीन ओली झाली, की सायंकाळी भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, बांधावरील कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमतात आणि पहाटेपूर्वी पुन्हा जमिनीत शिरतात. एक मादी साधारणपणे ५० ते ६० अंडी घालते. म्हणजे वेळीच पकडलेली प्रत्येक मादी पुढील अनेक अळ्यांपासून पिकाचा बचाव करते.

या कामी प्रकाश-सापळा फार उपयोगी पडतो. जेथे विजेची तार पोहोचलेली नाही, अशा शेतांत आता सौर पॅनेल व बॅटरी असलेले सापळे लावले जातात. परंतु येथे एक अडचण आहे. भुंगेरे निघतात ते पावसाच्या तोंडावर, आणि आभाळ भरून येते तेही त्याच दिवसांत. उन्हाळ्यात तीन महिने बिनतक्रार पेटणारा दिवा नेमक्या गरजेच्या आठवड्यात विझतो. पुष्कळ ठिकाणी दोष पॅनेलला किंवा बॅटरीला दिला जातो. वास्तविक या दोहोंच्या मध्ये बसलेल्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या चार्जर चिपची निवड चुकलेली असते. ती निवड कशी करावी, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

एक अनुभव

ऊसपट्ट्यातील एका गावी प्रस्तुत लेखकाच्या देखरेखीखाली काही सौर सापळे लावण्यात आले होते. प्रत्येकास ६ व्होल्टचे, १० वॅटचे पॅनेल होते. आत लिथियम-आयन बॅटरी होती व तिची साठवण सुमारे १९ वॅट-तास होती. दिवा ५ वॅटचा असून तो सायंकाळी ७ ते १० असा तीन तास चाले. म्हणजे रोजचा खर्च १५ वॅट-तास. मे महिन्यात सर्व सापळे उत्तम चालले. पुढे वळवाचा पाऊस झाला, भुंगेरे निघू लागले आणि आभाळही भरून आले. पहिल्या रात्री दिवे पूर्ण वेळ पेटले. दुसऱ्या रात्री ते नऊच्या सुमारास मंदावले, तर तिसऱ्या रात्री सव्वाआठलाच अंधार झाला. बांधावरच्या कडुनिंबावर भुंगेऱ्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता आणि खालचे सापळे काळोखात उभे होते. एका वयस्क शेतकऱ्याने विचारले, "साहेब, ऊन असताना पेटणारा दिवा आम्हांला कशाला?" या प्रश्नाला त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी पेट्या उघडून पाहिल्या. आत टीपी ४०५६ ही चिप होती. ही चिप निकृष्ट नाही. मोबाईलच्या पाच व्होल्टच्या चार्जरवर लहान बॅटरी भरण्यासाठी ती उत्तम आहे. परंतु तिला येथे जे काम दिले गेले होते, त्यासाठी ती घडविलेलीच नव्हती. आम्ही कृषीचे पदवीधर. विद्युत्शास्त्र हा आमचा विषय नव्हे. तरीही सापळा मागवताना कोणती चिप आहे हे आम्ही विचारले नाही, ही चूक आमचीच होती.

पॅनेलचा स्वभाव

चिप निवडण्यापूर्वी पॅनेलचा स्वभाव समजून घेणे आवश्यक आहे. बाजारात १२ व्होल्टचे म्हणून मिळणारे ३६ काचपेशींचे पॅनेल मोकळे ठेवून मोजले, तर २१ ते २२ व्होल्ट दाब दाखविते. त्यातून कमाल शक्ती मिळते ती मात्र १७ ते १८ व्होल्टच्या आसपास. सर्वसाधारण नियम असा, की मोकळ्या दाबाच्या तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश इतक्या दाबावर पॅनेल सर्वांत अधिक शक्ती देते. पॅनेल तापले, की हा दाब घटतो. प्रत्येक अंश सेल्सिअसमागे मोकळा दाब सुमारे ०.३ टक्क्याने उतरतो. त्यामुळे भर दुपारी ६० अंशांपर्यंत तापलेल्या पॅनेलचा कमाल शक्तीचा दाब १७ ऐवजी १५ व्होल्टच्या जवळ येतो.

ढग आले, की पॅनेलचा दाब थोडाच उतरतो; विद्युत्प्रवाह मात्र फार उतरतो. यास विहिरीचे उदाहरण चपखल लागू पडते. उन्हाळ्यात झरा बारीक झाला असता पंप पूर्ण जोराने चालविला, तर पाण्याची पातळी फूटव्हॉल्व्हच्या खाली जाते, पंप हवा ओढतो आणि पाणी तुटते. थोड्या वेळाने विहीर भरते, पंप पुन्हा पाणी धरतो आणि पुन्हा तुटते. जाणता शेतकरी अशा वेळी सोडपाइपाचा व्हॉल्व्ह आवळतो व झऱ्याच्या मानानेच उपसा करतो. दिवसअखेर त्याचेच रान अधिक भिजते. चांगली सौर चार्जर चिप पॅनेलच्या बाबतीत हेच करते. पॅनेलचा दाब ठरावीक मर्यादेखाली जाऊ लागला, की ती आपली ओढ आपोआप कमी करते. हा गुण नसलेली चिप ढगाळ दिवशी पंपाप्रमाणे हवा ओढत बसते.

चिपचे दोन प्रकार

पहिला प्रकार सरळ चिपचा. हिच्यात जितका प्रवाह आत येतो तितकाच बाहेर जातो आणि दाबातील फरकाची उष्णता होते. टीपी ४०५६ याच प्रकारात मोडते. ती जास्तीत जास्त १ अँपिअर प्रवाह देते आणि ८ व्होल्टपेक्षा अधिक दाब सहन करीत नाही. वरील सापळ्यांतील पॅनेल चांगल्या उन्हात सुमारे १.६ अँपिअर देऊ शकत होते. त्यातील १ अँपिअरच घेतला जाई. बॅटरीचा दाब ३.७ व्होल्ट धरला, तर १० वॅटच्या पॅनेलमधून बॅटरीत पोहोचत ३.७ वॅट. शिवाय जवळजवळ ३ वॅट उष्णता त्या चिमुकल्या चिपमध्ये निर्माण होई आणि फार तापली, की चिप स्वतःच प्रवाह आणखी कमी करी.

दुसरा प्रकार खटक्याच्या चिपचा. ही चिप प्रवाह क्षणाक्षणाला चालू-बंद करून, वेटोळ्याच्या साहाय्याने, अधिक दाबाचा थोडा प्रवाह कमी दाबाच्या मोठ्या प्रवाहात बदलते. त्यामुळे पॅनेलची ८५ ते ९० टक्के शक्ती बॅटरीत उतरते. पॅनेलचा दाब बॅटरीच्या दाबापेक्षा जितका अधिक, तितका या चिपचा लाभ अधिक. १७.५ व्होल्टच्या पॅनेलवरून ३.३ व्होल्टची बॅटरी सरळ पद्धतीने भरावयाची म्हटली, तर पाचवा हिस्साही पदरात पडत नाही.

परंतु चिप खटक्याची आहे एवढ्यावर समाधान मानू नये. पॅनेलचा दाब सांभाळण्याची वर सांगितलेली सोय तिच्यात आहे की नाही, हे वेगळे विचारावे. ही सोय नसलेली खटक्याची चिप ढगाळ हवेत सरळ चिपपेक्षाही वाईट वागू शकते. कारण दाब उतरला, की ती ठरलेली शक्ती मिळविण्यासाठी प्रवाह आणखी ओढू लागते आणि पॅनेल कोसळते.

बॅटरीचे रसायन आणि शेवटचा दाब

चिप निवडताना दुसरा विचार बॅटरीच्या रसायनाचा. प्रत्येक रसायनाचा पूर्ण भरल्यावरचा दाब ठरलेला असतो आणि चिपने तेथे थांबलेच पाहिजे.

१. लिथियम-आयन : एका घटास ४.२ व्होल्ट.
२. लिथियम-लोह-फॉस्फेट : एका घटास ३.६ ते ३.६५ व्होल्ट.
३. शिसे-आम्ल, १२ व्होल्टची : भरताना सुमारे १४.४ व्होल्ट, भरल्यावर नुसती राखण्यासाठी १३.५ ते १३.८ व्होल्ट. हवा तापली, की हे आकडे कमी करावे लागतात. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशास साधारण ०.०२ व्होल्ट, म्हणजे ४५ अंशांस सुमारे ०.४ व्होल्ट.

आमच्या काही सापळ्यांत पुढे दुरुस्तीच्या वेळी जुनी लिथियम-आयन बॅटरी काढून लोह-फॉस्फेट घट बसविण्यात आले. चिप मात्र जुनीच, ४.२ व्होल्टवर थांबणारी, ठेवण्यात आली. दिसण्यात सर्व ठीक होते. परंतु प्रत्येक उन्हाच्या दिवशी घट मर्यादेबाहेर भरले जात राहिले व दोन हंगामांत ते निकामी झाले. याच्या उलट, ३.६ व्होल्टची चिप लिथियम-आयन घटास लावली, तर धोका नाही. परंतु घट बराचसा रिकामाच राहतो. म्हणून बॅटरीचे रसायन बदलले, की चिपही तपासावी. टीपी ५००० सारख्या चिपमध्ये ४.२ व ३.६ हे दोन्ही दाब मिळतात. त्यांपैकी कोणता मिळेल, हे एका टाचणीच्या जोडणीवर ठरते. अशा ठिकाणी चिपचे नाव वाचून भागत नाही, प्रत्यक्ष दाब मोजावा लागतो.

शेतात उघड्यावर राहणाऱ्या सापळ्यास लोह-फॉस्फेट बॅटरी अधिक मानवते. ती उष्णता अधिक सोसते व तिचे आयुष्यही मोठे असते. मात्र कोणतीही लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर तापलेली असताना भरू नये, हा सर्वसाधारण नियम पाळावा. बॅटरीची पेटी पॅनेलच्या सावलीत, पांढऱ्या रंगाची व हवा खेळती राहील अशी असावी. काही चिपना उष्णतामापक जोडण्याची टाचणी असते. तेथे बॅटरीला चिकटवून १० हजार ओहमचा उष्णतामापक रोधक बसविला, म्हणजे बॅटरी तापताच भरणे थांबते. टीपी ४०५६ लाही अशी टाचणी आहे. पण बाजारातील स्वस्त पट्ट्यांवर ती जमिनीस जोडून निरुपयोगी केलेली असते, हे ध्यानात ठेवावे.

कोणती चिप कोठे

एका लिथियम-आयन घटाच्या दाबाची बॅटरी असेल, तर सीएन ३७९१ ही चिप योग्य. तशाच लोह-फॉस्फेट बॅटरीसाठी तिची भावंड सीएन ३८०१. दोन्ही खटक्याच्या असून पॅनेलचा दाब सांभाळतात, २८ व्होल्टपर्यंतचे पॅनेल सोसतात व ४ अँपिअरपर्यंत प्रवाह देतात. त्यांना उष्णतामापकाची टाचणी नाही. म्हणून या चिप वापरल्यास पेटीच्या सावलीची काळजी अधिक घ्यावी.

अनेक घटांची किंवा शिसे-आम्ल प्रकारची बॅटरी असेल, तर बीक्यू २४६५० ही चिप विचारात घ्यावी. तीही ५ ते २८ व्होल्टच्या पॅनेलवर चालते, पॅनेलचा दाब सांभाळते आणि तिचा शेवटचा दाब दोन रोधकांनी हवा तसा ठरविता येतो. तिला उष्णतामापकाची टाचणी आहे. मात्र तिची जुळणी अधिक कौशल्याची असल्याने ती जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावी.

पॅनेलचा दाब कोठे सांभाळावयाचा, तेही दोन रोधकांनीच ठरते. १७.५ व्होल्टच्या पॅनेलसाठी तो १६ व्होल्टच्या आसपास ठेवणे इष्ट. तो १७.५ वरच ठेवला, तर तापलेल्या दुपारी चिप विनाकारण हात आखडते.

चार्जर चिप ही बॅटरीची रक्षक नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. बॅटरी मर्यादेबाहेर रिकामी होऊ नये व तारा एकमेकींस चिकटल्यास प्रवाह तुटावा, यासाठी स्वतंत्र रक्षक-पट्टी असलीच पाहिजे.

ढगाळ दिवसाचा हिशेब

सापळ्याचा हिशेब उन्हाच्या दिवसाचा न करता ढगाळ दिवसाचा करावा. आमच्या मूळ सापळ्याचे पाहू. १० वॅटचे पॅनेल चांगल्या दिवशी साडेचार तासांच्या पूर्ण उन्हाइतके, म्हणजे ४५ वॅट-तास देईल. दाट ढगांत पाचवा हिस्सा धरला, तर ९ वॅट-तास. सरळ चिपमधून त्यांतील सुमारे ६ बॅटरीत पोहोचतात. खर्च १५ चा. पहिल्या रात्रीनंतर १९ पैकी ४ उरले, दिवसा ६ आले व १० झाले. म्हणून दुसऱ्या रात्री दोन तास. तिसऱ्या दिवशी नुसते ६. म्हणून सवा तास. सापळे सव्वाआठला का विझले, याचे उत्तर या साध्या बेरीज-वजाबाकीत होते.

केवळ चिप बदलली असती, तर ९ पैकी ८ वॅट-तास मिळाले असते. सुधारणा झाली असती, पण गरज भागली नसती. म्हणून पॅनेल, बॅटरी व चिप या तिघांचा मेळ घालावा लागतो. सुधारित सापळ्यास आम्ही २० वॅटचे, १७.५ व्होल्टचे पॅनेल, ३.२ व्होल्टचे ६ अँपिअर-तासांचे तीन लोह-फॉस्फेट घट समांतर जोडून, आणि सीएन ३८०१ चिप अशी योजना केली. ढगाळ दिवशी पॅनेलचे १८ वॅट-तास येतात व त्यांतील सुमारे १६ बॅटरीकडे जातात. रोजचा खर्च जवळपास रोज भागतो. त्याहूनही काळोखा दिवस आला, तर तीन घटांत सुमारे ५८ वॅट-तास साठलेले आहेत. त्यांतील ८० टक्के वापरले, तरी ४६ वॅट-तास म्हणजे तीन रात्रींची बेगमी होते.

येथे एक शंका येईल. २० वॅटच्या पॅनेलला चिपची ४ अँपिअरची मर्यादा अपुरी नाही काय? भर उन्हात ती किंचित अपुरी पडते, हे खरे. परंतु त्या दिवशी विजेला तोटा नसतो. आम्ही तर मर्यादा ३ अँपिअरच ठेवली. त्यामुळे चिप व बॅटरी दोन्ही थंड राहतात. ढगाळ दिवशी प्रवाह या मर्यादेच्या बराच खाली असतो आणि त्या दिवशी मिळेल तेवढे सर्व घेतले जाते.

शेतावरची परीक्षा

चिपवरील अक्षरे पुष्कळदा पुसट असतात. अशा वेळी साध्या मल्टिमीटरने पुढीलप्रमाणे परीक्षा करावी. बॅटरी थोडी रिकामी असावी व वेळ सकाळी दहाच्या सुमाराची असावी.

१. पॅनेलची तार सोडवून त्याचा मोकळा दाब मोजावा.
२. तार पुन्हा जोडून, बॅटरी भरत असताना पॅनेलवरील दाब मोजावा. तो मोकळ्या दाबाच्या तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश असेल, तर चिप आपले काम करीत आहे.
३. आता पॅनेलवर धोतराचे पातळ कापड पसरावे. हा आपण केलेला ढग होय. दाब जवळजवळ तेथेच टिकला, तर निवड उत्तम. तो बॅटरीच्या दाबाजवळ येऊन बसला, तर चिप सरळ प्रकारची आहे किंवा दाब सांभाळत नाही. आकडा एकसारखा वरखाली उड्या मारू लागला, तर पंप हवा ओढतो आहे असे समजावे.
४. कापड काढून भर उन्हातही दाब मोकळ्या दाबाजवळच राहत असेल, तर बॅटरी भरलेली आहे किंवा प्रवाहाची मर्यादा फार कमी ठेवलेली आहे.
५. चांगल्या उन्हाच्या दिवशी, भरणे पूर्ण होत आलेले असताना, बॅटरीचा दाब मोजावा. लोह-फॉस्फेट घटावर ३.६५ पेक्षा अधिक आकडा दिसल्यास सापळा ताबडतोब बंद करावा.

ही परीक्षा वळवाच्या पावसापूर्वी, एप्रिलच्या अखेरीस, गावातील प्रत्येक सापळ्यावर करणे इष्ट. सापळ्याखालील घमेल्यात रॉकेलमिश्रित पाणी ठेवणे, दिवा रात्री दहानंतर बंद करून मित्रकीटकांचा नाश टाळणे, ही कामे आपण जाणताच. त्यांत या अर्ध्या तासाच्या कामाची भर घालावी.

सारांश

सापळा मागविताना किंवा दुरुस्त करवून घेताना तीन प्रश्न विचारावेत. बॅटरीचे रसायन कोणते व चिप त्याच दाबावर थांबते काय? ढगात चिप पॅनेलचा दाब सांभाळते काय? बॅटरी तापल्यास तिची काळजी कोण घेते? या तिन्हींची समाधानकारक उत्तरे मिळाल्याशिवाय सापळा घेऊ नये.

पुढील हंगामात त्याच गावी सुधारित सापळे लावले. भरलेल्या आभाळाच्या चौथ्या रात्री ते वयस्क शेतकरी बांधावर आले, दिव्याखालच्या घमेल्यात वाकून पाहिले आणि काही न बोलता दुसऱ्या सापळ्याकडे निघून गेले. आमच्या मते ही पावती पुरेशी आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या गावातील एका सापळ्याचा रोजचा खर्च वॅट-तासांत काढा.
२. त्याच्या पॅनेलपासून ढगाळ दिवशी किती वॅट-तास मिळतील? चिप सरळ असल्यास व खटक्याची असल्यास बॅटरीत किती पोहोचतील?
३. सलग तीन दिवस ऊन न पडल्यास तो सापळा कोणत्या रात्री, किती वाजता विझेल?